आपापली हत्यारं घेऊन या

जुन्नर,
गुरुवार, १५ जानेवारी २०२६

चि. सौ. कुशास,
दादाचा आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. तुझ्या लग्नापासून माझ्याकडून तुला तिळगूळ गेला नाही, अशी ही पहिलीच. इकडं थंडी चांगली पडली आहे. गुडघा कुरकुरतो, बाकी प्रकृती ठीक. तुझा बीपी तपासून घेतलास का, ते कळव.

दिवाळीपासून आजपर्यंत माझ्या हातानं झालेली कामं आधी लिहितो. खिळ्यांचे गळपट्टे एकशे बेचाळीस. आतून रेक्झिन, बाहेरून दीड इंची खिळे, मागं एका हातानं निघेल असा आकडा. पिंजऱ्यांची सरकती दारं तीन. कांदाचाळीच्या जाळ्या, तुमच्या घरची धरून, नऊ. तुमच्या गावच्या शाळेची घंटा एक. जुनी तडकली म्हणून रुळाच्या तुकड्याची करून दिली, आवाज ओढ्यापलीकडं जातो. आणि बिबट्याला पिटाळायच्या आवाजाच्या नळ्या एकसष्ट. प्रत्येक नळीच्या बुडाशी पंचानं मारलेले तीन ठिपके आहेत, त्रिकोणात. ती माझी सही. सातवी नापास, कुणाच्या हाताखाली एक दिवस न राहिलेल्या, नुसतं बघून आणि मोडून शिकलेल्या माणसाची ही कामं आहेत. लहानपणी धारेचं चाक तू फिरवायचीस आणि मी कोयता धरायचो, एवढीच काय ती माझी शाळा. एकही काम आजवर परत आलेलं नाही.

त्यातली एक नळी फुटली, असं मी सोमवारी पोलिसांना लिहून द्यावं, हे तुझं म्हणणं.

"दादा, नळी फुटली एवढंच म्हण. माझा मोहित सुटंल. तुझं काय जातं?" एवढं बोलून तू फोन ठेवलास, आणि नंतर सात वेळा केला तरी उचलला नाहीस. म्हणून हे लिहायला बसलो. तसंही बोलताना मी मापात राहत नाही, लिहिताना राहतो. आज पेटीत टाकलं की शनिवारी तुला मिळेल. संपतरावांच्या हाती पडलं तर त्यांनीही वाचावं, माझी हरकत नाही. तुझ्या नवऱ्यानं तुला जेवढं सांगितलं तेवढंच तुला ठाऊक आहे. मला जे कळलं ते मी क्रमानं लिहितो.

नळ्यांपासून सुरू करतो. निमगावात उसात शिरायच्या आधी प्रत्येक जण नळीचा बार काढतो, हे तू रोज बघतेस. पहिल्या आठवड्यात बार झाला की बाया दचकायच्या. दुसऱ्या आठवड्यात नुसती मान वळवायच्या. पुढं तेही बंद झालं. मी नोव्हेंबरात तुझ्याकडं आलो होतो, आठवतं? ओट्यावर चहा घेत होतो. अर्ध्या तासात चौदा बार मोजले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेली माणसं शिवारभर वाकलेली, चहूकडून बार, आणि एकाचीही मान हलत नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आपल्या वस्तूची गावाला सवय झाली, असं वाटलं होतं.

बहिरू घाटघरहून भातं निघाली की दरसाल बायकोला, ठकूबाईला, घेऊन तुमच्याकडं कामाला यायचा. त्याच्या गळ्यात पट्टा मी स्वतः बसवला होता. माप घेताना म्हणाला, "भाऊ, गळा झाकलात. पाठ कुनाच्या भरवशावर?" मी म्हटलं, पाठीचे पैसे वेगळे पडतील. लई हसला होता.

मंगळवार, सहा जानेवारी. संध्याकाळी पाचच्या आतबाहेर तो तुमच्या पूर्वेच्या उसाच्या कडेला पडला. आजूबाजूच्या वावरांत कांद्याची लागण चालू होती. बावीस बाया आणि एक माणूस, तेवीस जणं. पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: बार ऐकला, पण बार काय रोजचाच. तो तिथं सव्वा तास पडून होता. चहाची वेळ टळली तरी आला नाही म्हणून ठकूबाई शोधायला गेली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की अर्धा तास आधी आणला असता तर काही करता आलं असतं. हे संपतरावांनी तुला सांगितलं नसणार.

आधी सगळे बिबट्याच म्हणाले. पण पट्ट्याचा एक खिळा वाकलेला नव्हता, अंगावर दात नव्हता. पाठीत एक भोक आणि पुढून एक. आत काही सापडलं नाही, जे काय होतं ते पार निघून गेलं होतं. शेजारी माझी नळी पडली होती, तोंडाशी चिरफाळलेली. मग गावात सुरू झालं की भिमाजीची नळी फुटली आणि तुकडा लागला.

आठ तारखेला मला ठाण्यात बोलावलं. साहेबांनी नळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तुमची वस्तू आहे, तुम्हीच सांगा. मी हातात घेतली. कुशा, नळी आतून फुटली तर तिचं तोंड फुलासारखं बाहेर उमलतं. हिचं तोंड आत दबलेलं होतं. वरून घण घातलेला. घणाच्या तोंडाचा एक कोपरा उडालेला होता आणि त्या उडालेल्या कोपऱ्याची खूण पत्र्यावर चार वेळा उमटली होती. तुमच्या गोठ्यातल्या घणाचा कोपरा तसा उडालेला आहे. मी दोनदा म्हटलं, आणा, भरून देतो. संपतरावांनी आणला नाही.

मी साहेबांना म्हणालो, नीट बघून सांगतो. त्यांनी एकोणीस तारखेच्या सोमवारपर्यंतची मुदत दिली. हे मी पहिलं खोटं बोललो. मला बघायला चहाचा एक घोट पुरला होता.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या दाराच्या कामासाठी वनखात्याचा गार्ड दुकानात आला. पूर्वेच्या बांधावर त्यांनी बिबट्यासाठी कॅमेरा लावलाय, समोर काही हललं की आपोआप फोटो घेणारा. त्यानं मोबाईलवर मला तीन फोटो दाखवले. साहेबांनाही देणार म्हणाला.

पहिला, चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. बांधावर बिबट्या पसरलेला, आणि त्याच्या मागं चाळीसेक फुटांवर बहिरू, खांद्यावर नळी. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. दुसरा, चार एकोणपन्नास. बहिरूच्या नळीच्या तोंडाशी धूर आहे, म्हणजे त्यानं बार काढलाय. नळी धड आहे. बिबट्या पंजा चाटतोय. नळ्यांची सवय त्यालाही झाली होती. तिसरा, चार बावन्न. फोटोत बहिरू नाही. बिबट्या उभा आहे, कान मागं टाकलेले, आणि मान तुमच्या गोठ्याच्या दिशेला वळवलेली.

गार्ड म्हणाला, "भाऊ, बघताय काय इतकं?" मी तिसरा फोटो बोटांनी मोठा केला. त्या शिवारात तेव्हा तेवीस माणसं होती. तो बार वेगळा आहे हे ओळखून मान वळवली ती एकट्या बिबट्यानं. तेव्हापासून तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. लेथ चालू केली तरी दिसतो. तो कॅमेऱ्याकडं बघत नाही, तरी आपल्याला काहीतरी विचारतोय असं वाटतं.

त्याच दुपारी मोहित आला. गाडी लांब लावली. मी विचारायच्या आधीच बोलायला लागला. "मामा, उसात हललं. बिबट्याच वाटला. व्हिडिओ काढायचा व्हता." बावीस वर्षांचा गडी, शटरच्या आत पाऊल टाकेना. मी एकच विचारलं: कुठंय ते? म्हणाला, पप्पांनी विहिरीत टाकलं.

आता तू विचारशील, 'ते' म्हणजे काय, हे दादाला कसं ठाऊक?

हे लिहायचं मी दोन पानं टाळलं.

खंडेनवमीला मी दरवर्षी सगळ्यांना फोन करतो, आपापली हत्यारं घेऊन या. हा माझा शब्द, बाबांचाही हाच. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, कुणाचा कोयता, माझी कानस, पक्कड, व्हर्नियर. आपण ह्यांनाच हत्यारं म्हणतो. मोहितलाही फोन केला होता. त्यानं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू पाटावर ठेवली. मला वाटलं, फवारणीच्या पंपाचा भाग असेल. मी सगळ्यांना हळदकुंकू लावत आलो, फडकं बाजूला केलं, आणि बोट टेकवल्यावर बघितलं. गावठी पिस्तूल होतं.

मी त्याला हळद लावली होती, कुशा. झेंडूचं फूलही ठेवलं.

माणसं गेल्यावर मोहितला धरलं. तो हसला. "तुमीच म्हनला ना मामा, हत्यार आन." मग म्हणाला की बाहेरून आणलंय, मित्रांत सगळ्यांकडं आहे, वाढदिवसाला फोटो काढायला लागतं. आणि तसंही ते चालत नाही, चाप ओढला तरी काही होत नाही, खेळणंच समजा. मी हातात घेतलं. फार वाईट काम होतं. कुठं कानस ओढलेली नाही, कडा तशाच, आतला एक तुकडा कसाबसा कोंबलेला. मी त्याला म्हटलं, असलं काम करणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत. हे मी कामाच्या दर्जाबद्दल बोललो होतो. दुसऱ्या कशाबद्दल बोलायला हवं होतं, ते सुचलं नाही.

तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. तुमच्याच्यानं नाय व्हायचं त्ये."

बस. एवढंच. तीस वर्षं मला हे कुणी म्हटलेलं नाही.

काय केलं ते इथं लिहीत नाही, ते कुणाच्याच कामाला येऊ नये. चाळीस मिनिटं लागली. ते चालत नव्हतं, मी चालतं केलं. कडाही साफ केल्या, त्याची गरज नव्हती. मोहितला परत देताना म्हटलं, फोटोपुरतं वापर, नंतर नदीत टाक. तो म्हणाला, बरं. आणि मी ते खरं मानून हात धुतले.

पुढच्या महिन्यात पोलीस पोस्टर लावत आले. विनापरवाना हत्यार कुणाकडं दिसलं तर कळवा, नाव गुप्त ठेवू, खाली नंबर. माझ्या शटरवर त्यांनी ते वाकडं चिकटवलं. ते गेल्यावर मी पाणी लावून काढलं आणि लेव्हल धरून सरळ लावलं. दोन महिने त्याच्याखाली काम केलं. नंबर पाठ आहे. लावला नाही. भाच्याचं नाव कसं सांगू, असं मनाशी म्हणत होतो. खरं तर त्या वस्तूत माझा हात होता, तो दाखवायचा नव्हता.

आज बहिरूचा दहावा होता. घाटघरला गेलो होतो. निमगावातून आपले सहा जण आले होते, संपतराव नव्हते. विधी चालू असताना खालच्या अंगाला कुणीतरी वानरं हाकलायला फटाका उडवला. लांबून आवाज आला, फार मोठा नाही. आणि बघतो तर घाटघरची सगळी माणसं, म्हातारीकोतारी, कडेवरची पोरंसुद्धा, त्या दिशेला वळून उभी. आम्ही सात जण तसेच समोर बघत. आमच्यातल्या एकाचीही मान हलली नाही. त्यांनी वळून परत आमच्याकडं पाहिलं. आम्हांला काहीतरी झालंय, हे त्यांच्या आमच्या आधी ध्यानात आलं.

निघताना ठकूबाई जवळ आली. ती रडली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमची नळी फुटली म्हंत्यात. ह्ये बोलायचे त्या नळीबद्दल, भाऊंची नळी हाय म्हनून बिनघोर ऱ्हायचे. तुमी सांगा, म्या काय मानू?"

तिला मी खालच्या आवाजात सांगितलं: नळी फुटली नाही. बाकीचं सोमवारी सांगतो. तिनं मान हलवली आणि आत गेली.

खरं सांगतो, परवापर्यंत मी तुझं ऐकणार होतो. कागद लिहून तयार होता, "जोडात दोष राहिला असावा." माझ्या अक्षरात ते वाक्य बघवत नव्हतं, पण लिहिलं होतं. नळीची बदनामी झाली तर होऊ दे, तुझा पोर वाचतोय, असं ठरवलं होतं. आणि खरं बोललो तर मीही आत जातो, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे.

परवा मंगळवारी दुपारी बाराला दोन माणसं दुकानात आली. चांगली बोलणारी, इस्त्रीचे कपडे. मला आधी वाटलं, ट्रॉलीचं काम असेल. एकानं मोबाईल पुढं केला. त्यात ते पिस्तूल होतं, अगदी जवळून काढलेलं, उघडून. "हे काम तुमचंच ना? पोरगं म्हणालं, मामानं केलं." मी चष्मा लावला. माझा कानशीचा हात मी ओळखतो. आणि एका खाचेत पिवळं होतं. खंडेनवमीची हळद. पुसायची राहिली होती.

म्हणजे ते विहिरीत नाही, कुशा. संपतरावांना विचार. ते ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडं मोहितनं परत केलंय, आणि तो माणूस, त्या दोघांतलाच एक, मला सांगत होता की ते पुढं गेलंसुद्धा, गिऱ्हाईक खूश आहे, आधीची दोन अडकली म्हणून परत आली होती, हे अडकत नाही. कुठल्या गावी गेलं ते सांगितलं नाही. कुणाच्या तरी कमरेला आहे. तिथंही लोक नळ्यांचे बार ऐकत असतील. तिथंही कुणी मान वळवणार नाही.

ती माणसं त्यापुढं जे बोलली ते खाली लिहितो. ती गेल्यावर मी तो तयार कागद भट्टीत टाकला.

सोमवारी अकरा वाजता मी ठाण्यात तीन गोष्टी सांगणार आहे. नळी फुटलेली नाही, तिला घण घातलाय. गोळी मोहितनं मारली, मारायचं नव्हतं तरी मारली. आणि ते पिस्तूल मी दुरुस्त केलं. त्या दोन माणसांचे चेहरे आणि गाडीचा नंबरही देईन. शाळेच्या बाईंनी सव्वीस तारखेला मला बोलावलंय, बिबट्याच्या कामाबद्दल सत्कार आणि बेकायदा हत्यारांवर दोन शब्द. सत्कार नको म्हणून कळवलंय. तेव्हा मोकळा असेन आणि बोलू दिलं, तर पोरांना एवढंच सांगेन की बार झाला की मान वळवा, आणि कुणाच्या कमरेला काही दिसलं तर घरचा आहे म्हणून गप्प बसू नका.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. माझ्या आधी मोहितनं स्वतः जावं. स्वतः गेला आणि ते कुणाला दिलं हे सांगितलं, तर फरक पडतो, असं मी विचारलं तो वकील म्हणतो. ते पिस्तूल दुसऱ्या कुणावर चालायच्या आत सापडलं, तर मोठा फरक पडतो. मी सोमवारी साडेनऊपासून जुन्नरच्या एसटी स्टँडवर थांबतो. तू त्याला घेऊन ये. संपतराव नाही म्हणाले तरी ये. पावणेअकरापर्यंत बघीन. मग एकटा जाईन.

तू आलीस तर त्याच्या एका बाजूला मी चालेन, दुसऱ्या बाजूला तू. नाही आलीस तर तुझ्या घरात माझं नाव पुन्हा निघणार नाही, हे मी समजून आहे. राखी यायची थांबेल, तेही. पण लहानपणी तू चाक फिरवताना एकदा माझं बोट कापलं होतं, आणि आईनं विचारल्यावर तू तुझंच नाव पुढं केलं होतंस, मारही खाल्ला होतास. ते मी कधी बोललो नाही. आज लिहितो.

बीपीची गोळी चुकवू नकोस. हे वाचताना बसून वाच.

तुझा, आणि सोमवारनंतर असेन की नाही ते तू ठरवशील,
दादा
(भिमाजी)

ता. क. ती माणसं काय म्हणाली ते राहिलं. तुला दुसऱ्या कुणाकडून, वाढवून कळायला नको. त्यांना माझा हात हवा होता. सगळं सामान ते आणून देणार, मी फक्त माझ्या लेथवर बसून नीट करून द्यायचं, महिन्याला दहा नग. एक जण म्हणाला, "अख्ख्या जिल्ह्यात असा कारागीर नाही." कुशा, ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मी नाही म्हणालो. नगामागं अठरा हजार रुपये.